डॉक्टर होईपर्यंतची गोष्ट

कोरमंगला म्हटलं की हल्लीच्या मराठी आईबापांच्या डोळ्यांसमोर पगाराचे आकडे येतात. बंगळुरूच्या या भागातल्या एका दोन बेडरूमच्या घरातून सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ मध्ये पुस्तकं घरपोच विकायला सुरुवात केली आणि बघता बघता त्याची फ्लिपकार्ट झाली. तेव्हापासून इथल्या प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी नवी कंपनी काढून बसलेला असतो. पुण्या-नाशिकची, सोलापूर-बेळगावची किती तरी मुलं इथं नोकरी करतात. दिवाळीत ती घरी येतात तेव्हा शेजाऱ्यांना त्यांच्याबद्दल सांगणं सोपं असतं. कंपनीचं नाव सांगितलं की झालं.

पण याच कोरमंगल्यात, सेंट जॉन्स रुग्णालयापासून जवळच, झाडांमागे एक शांत आवार आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅस्ट्रोफिजिक्स. इथंही पंचविशी-तिशीतली मुलं-मुली राहतात. त्यांचं दिवाळीतलं संभाषण मात्र जरा अवघड असतं. ‘काय करतोस?’ ‘पीएच.डी.’ ‘अजून?’ या ‘अजून’चं उत्तर कुणाकडेच नसतं. विद्यार्थ्याकडे नाही, त्याच्या गाईडकडे नाही आणि आईबापांकडे तर मुळीच नाही.

ढगांवर इलाज नाही

ही संस्था मुळात फार जुनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७८६ मध्ये मद्रासला विल्यम पेट्री या अधिकाऱ्यानं स्वतःच्या हौसेनं वेधशाळा उभारली, तिथपर्यंत तिचं मूळ जातं. पुढं कोडाईकनालला सूर्याची वेधशाळा झाली. १९७१ मध्ये संस्था स्वायत्त झाली आणि नंतर तिचं मुख्यालय बंगळुरूला आलं. हे घडवून आणणारे वेणू बाप्पू स्वतः विद्यार्थिदशेतच प्रसिद्धीला आलेले. हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत असताना १९४९ मध्ये त्यांना एक नवा धूमकेतू सापडला आणि त्याला त्यांचं नाव मिळालं. विद्यार्थ्याचं नशीब असं क्वचितच उघडतं!

एरवीचं चित्र काय असतं? तमिळनाडूत जावडी टेकड्यांमध्ये कवलूर इथं संस्थेची २.३४ मीटर व्यासाची मोठी दुर्बीण आहे. लडाखमध्ये हानले इथं साडेचार हजार मीटर उंचीवर दुसरी दुर्बीण आहे. ती चालवायला मात्र लडाखला जावं लागत नाही. बंगळुरूजवळच्या होसकोटे इथं रात्री संगणकासमोर बसायचं आणि उपग्रहामार्फत तिकडची दुर्बीण हलवायची. ऐकायला परीकथाच. पण ती दुर्बीण काही एका विद्यार्थ्याची नसते. आधी अर्ज करायचा, कोणता तारा का बघायचा हे समितीला पटवून द्यायचं, मग वाट्याला मोजक्या रात्री येणार. त्या रात्री ढग आले तर? मग संपलं. रात्र बदलून मिळत नाही. आणि तारा तर वर्षातले ठरावीक महिनेच रात्रीच्या आकाशात असतो, तेव्हा पुढची संधी एकदम पुढच्या वर्षी. प्रबंधातलं एक प्रकरण असं निव्वळ ढगांमुळे वर्षभर अडून राहू शकतं. घरी फोनवर हे सांगावं कसं? ‘आई, ढग आले’ एवढ्यावर कुठल्या आईचं समाधान होईल?

प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याचं दुखणं निराळं, पण जात तीच. तिथं ढगांऐवजी यंत्र बिघडतं, मागवलेलं रसायन वेळेवर येत नाही. कधी तीन वर्षं चाललेल्या कामावर परदेशातला कुणी आधीच लेख छापून मोकळा होतो. इतिहास आणि भाषेच्या विद्यार्थ्याला पोथी मिळत नाही, दप्तरखान्याचा साहेब रजेवर असतो. या सगळ्यांच्या वर गाईड. गाईड चांगला मिळाला तर सहा वर्षं सुसह्य होतात. लग्नात जशी पत्रिका बघतात तशी इथंही बघायची सोय असती तर बरं झालं असतं, असं म्हणणारे विद्यार्थी कमी नाहीत.

कादंबरीत सापडलेला संशोधक

इतकं नाट्य ज्या आयुष्यात भरलेलं आहे, त्यावर कादंबऱ्या किती असाव्यात? इंग्रजीत बऱ्याच आहेत. डेव्हिड लॉज यांच्या १९६५ सालच्या ‘द ब्रिटिश म्युझियम इज फॉलिंग डाऊन’ या कादंबरीचा नायक तीन मुलांचा बाप. प्रबंध संपत नाही आणि चौथ्याची चाहूल तर लागली नाही ना, या धास्तीनं तो ग्रंथालयात पुस्तक उघडून नुसता बसून असतो. एका दिवसाची ही गोष्ट वाचताना हसू आवरत नाही. अलीकडची, २०१७ ची ‘केमिस्ट्री’ ही वायके वँग यांची कादंबरी मात्र हसता हसता घशात आवंढा आणणारी. बोस्टनमध्ये रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारी चिनी वंशाची एक मुलगी. तिचे प्रयोग फसत चाललेत. बरोबर राहणारा मित्र लग्नाचं विचारतो आहे आणि तिला हो म्हणवत नाही, नाहीही म्हणवत नाही. मुलीनं नाव काढावं म्हणून आईबाप टपून बसलेले. एक दिवस ती प्रयोगशाळेतली काचेची भांडी फोडते आणि संशोधन सोडते. वँग यांनी स्वतः हार्वर्डमध्ये रसायनशास्त्र शिकून पुढं सार्वजनिक आरोग्यात डॉक्टरेट केली. त्यामुळे त्यांना ही भांडी कुठून आणावी लागली नाहीत. ज्या घरात मुलांच्या गुणपत्रिकेवर आईबापांचा जीव टांगलेला असतो, अशा कुठल्याही मराठी घराला ही मुलगी परकी वाटणार नाही.

आपल्याकडे शोधायला गेलं तर पहिलं नाव भालचंद्र नेमाड्यांच्या ‘हिंदू’चं घ्यावं लागतं. ‘कोसला’ १९६३ ची. तिचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवत गावी परततो. त्यानंतर तब्बल ४७ वर्षांनी, २०१० मध्ये, ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ आली. तिच्यातला खंडेराव शिक्षणात टिकलेला आहे. खानदेशातल्या मोरगावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुरातत्त्वाचा संशोधक होतो आणि थेट मोहेनजोदडोच्या उत्खननावर जातो. काळ साठच्या दशकातला. त्याच्या भोवतालचे गुरू आणि सहकारी पाहिले की पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि तिथले डॉ. ह. धी. सांकलिया यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. स्वतः नेमाडे डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकले, तेव्हा ती हवा त्यांच्या परिचयाची.

आणि ऐन उत्खननात घरून निरोप येतो. वडील अत्यवस्थ आहेत, निघून ये. खंडेराव निघतो. पाकिस्तानातून आगगाडीनं मोरगावपर्यंतचा तो प्रवास, आणि त्या प्रवासात डोक्यात उसळणारं गाव, आत्या, बहिणी, भाऊबंद, बलुतेदार, लभाणी, शेत, विहिरी. कादंबरी खरं तर या आठवणींचीच आहे. पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या विटा आणि खापरं मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरची माती मागे ओढते आहे. एकुलता उरलेला मुलगा. वडिलांच्या माघारी शेती कुणी बघायची? प्रबंध की घर?

‘हिंदू’वर मराठीत वाद भरपूर झाले. तिच्यातल्या धर्माच्या, जातीच्या, संस्कृतीच्या मांडणीवर पानंच्या पानं लिहिली गेली. २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाड्यांना मिळाला तेव्हा ती चर्चा पुन्हा उफाळली. या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. ती अशी की ही एका संशोधक विद्यार्थ्याची कहाणी आहे, आणि त्याचं जे होतं ते महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत झालेलं आहे. पहिल्या पिढीतला शिकलेला मुलगा शहरात, विद्यापीठात पोचतो. विषयाची गोडी लागते, गुरूंची शाबासकी मिळते. आणि मग गावाकडून फोन येतो. वडिलांना पक्षाघात झालाय, बहिणीचं लग्न ठरलंय, भावाला बँकेनं नोटीस दिलीय. मुलाच्या संशोधनाला घरातून कुणी विरोध केलेला नसतो. कुणाचाच दोष नसतो, हीच यातली पंचाईत. वाईट माणूस असता तर कादंबरी लिहायला सोपी गेली असती.

एक योगायोग सांगण्याजोगा. मोहेनजोदडोला शेवटचं मोठं उत्खनन अमेरिकेच्या जॉर्ज डेल्स यांनी १९६४-६५ मध्ये केलं. त्यानंतर जमिनीतल्या पाण्यामुळे आणि विटांना लागणाऱ्या खारामुळे उघडं पडलेलंच सांभाळायची वेळ आली, आणि मोठी खोदाई थांबली. म्हणजे खंडेराव मोरगावला न जाता तिथंच राहिला असता, तरी फार काळ खणू शकला नसता!

कन्नडमध्ये एस. एल. भैरप्पा यांच्या १९६५ च्या ‘वंशवृक्ष’मध्ये हाच विषय दुसऱ्या बाजूनं येतो. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे ही कादंबरी मराठी वाचकांच्या घरातलीच झाली. आपल्याला तिच्यातले नंजनगूडचे श्रोत्री आणि त्यांची विधवा सून कात्यायनी आठवते. पण सदाशिवराव हे प्राध्यापक आणि त्यांच्या हाताखाली संशोधन करायला सिंहलद्वीपाहून आलेली करुणरत्ने ही विद्यार्थिनी? भारताच्या इतिहासाचे खंडामागून खंड लिहिण्याच्या ध्यासात गुरु-शिष्या इतके एकरूप होतात की घरात पत्नी असताना सदाशिवराव तिच्याशी दुसरं लग्न करतात. ग्रंथ पूर्ण होतो. पण नागलक्ष्मी, ती पहिली पत्नी, तिचं काय? भैरप्पांनी कुणालाच खलनायक केलं नाही. मात्र मोठ्या ग्रंथाची किंमत घरातल्या कुणी तरी मोजलेली असते, हे त्यांनी नागलक्ष्मीच्या शेजारी बसवून दाखवलं. स्वतः भैरप्पांची डॉक्टरेट बडोद्याची, सत्य आणि सौंदर्य या विषयावरची. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूतच त्यांचं निधन झालं.

एका घरातल्या दोन बहिणी

कादंबरीकारांनी ज्यांच्याकडे बघायला हवं होतं अशा दोन बहिणी मात्र कादंबरीबाहेरच राहिल्या. भागवतांच्या दुर्गा आणि कमला. दुर्गाबाई १९१० च्या, कमलाबाई त्यांच्याहून थोड्या लहान. घरात विज्ञानाचं वातावरण असं की वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले.

साहजिकच कमलानं ठरवलं, आपणही तिथंच जायचं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात ती पहिली आली होती. अर्ज केला. नकार आला. कारण? मुलगी. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, तीनच वर्षांपूर्वीचे नोबेल विजेते. आपल्या संस्थेत मुली नकोत, असं त्यांचं साधं म्हणणं.

दुसरी कुणी असती तर मुंबईतच एखाद्या कॉलेजात रमली असती. बावीस वर्षांची ही मुलगी बंगळुरूला गेली, रामन यांच्यासमोर उभी राहिली आणि नकाराचं कारण विचारू लागली. गांधींच्या सत्याग्रहाचे दिवस होते. ते वारं तिच्याही अंगात होतं. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिलं वर्षभर तिला रीतसर विद्यार्थिनी मानलं जाणार नाही. गाईड सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्या असण्यानं प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये! यातली शेवटची अट आज वाचताना हसावं की रडावं कळत नाही. मुलं बिघडू नयेत ही जबाबदारीही मुलीचीच.

कमलेला हा अपमान आयुष्यभर टोचत राहिला. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर, पण मनानं कोते, असं त्या पुढं जाहीरपणे म्हणाल्या. तरी त्या वर्षी मात्र त्यांनी मान खाली घालून काम केलं. श्रीनिवासय्या हे गाईड शिस्तीचे कडक, पण शिकवायला मोकळे. दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर काम झालं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांनी तिला रीतसर प्रवेश दिला आणि पुढं संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. ज्या संस्थेत आज मुली बिनदिक्कत रात्री बारा वाजता प्रयोग लावून कॅन्टीनला चहाला जातात, तिथलं हे पहिलं वर्ष.

पुढं केंब्रिज. डेरेक रिश्टर यांनी आपल्या टेबलावर काम करायला जागा दिली. ते दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम सुरू झालं. बटाट्यावर प्रयोग करताना कमलाबाईंना दिसलं की श्वसनाच्या क्रियेत भाग घेणारं सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असतं. यावर त्यांनी जो प्रबंध लिहिला तो टंकलिखित ४० पानांचा. केंब्रिजला आल्यापासून १४ महिन्यांत सगळं आटोपलं आणि १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानातली ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. (वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी त्याआधी अमेरिकेतल्या मिशिगनमधून डॉक्टरेट मिळवली होती, हेही इथं सांगायला हवं.) आज तीनतीनशे पानांचे प्रबंध बांधून घेणाऱ्यांनी या ४० पानांकडे जरूर बघावं.

आता थोरली. दुर्गाबाई मुंबईला डॉ. गो. स. घुर्ये यांच्या समाजशास्त्र विभागात शिकल्या. एम.ए.ला त्यांनी प्राचीन बौद्ध न्यायपद्धतीवर काम केलं आणि ते पुस्तकरूपानंही आलं. डॉक्टरेटसाठी त्यांनी मध्य प्रांतातल्या आदिवासींचा अभ्यास घेतला. त्या काळी एकट्या बाईनं जंगलात, पाड्यापाड्यावर हिंडायचं म्हणजे काय, याची कल्पना करून बघावी. तिथं खाण्यात सुरण आला, आणि तो विषारी निघाला. त्या विषानं त्यांना असं धरलं की सुमारे सहा वर्षं अंथरुणात गेली. डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. विद्यापीठातली नोकरी, प्राध्यापकी, जो सरळ रस्ता समोर दिसत होता तो बंद झाला.

धाकटी चौदा महिन्यांत डॉक्टर होऊन परतली, थोरली सहा वर्षं खिडकीतून आकाश बघत पडून राहिली. एका घरात! या दोघींमध्ये त्या वर्षांत काय बोलणं झालं असेल, हा खरा कादंबरीचा मजकूर.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ आलं, ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ आली, ‘व्यासपर्व’ आलं, ‘पैस’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्याबद्दल त्यांनी तुरुंगवासही भोगला. नावामागे ‘डॉ.’ नसलेल्या या बाईंवर आज पीएच.डी.चे प्रबंध लिहिले जातात.

आणि कमलाबाईंची वाट पदवी मिळाल्यावर तरी निष्कंटक झाली का? मुळीच नाही. दिल्लीला लेडी हार्डिंज कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. तिथं बढतीची चिन्हं दिसेनात म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली. १९४७ मध्ये विमा गणिताचे तज्ज्ञ असलेल्या सोहोनींशी लग्न झालं आणि त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. नीरेतल्या पोषक द्रव्यांवरचं त्यांचं आणि विद्यार्थ्यांचं काम राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पोचलं. पण संस्थेचं संचालकपद, जे त्यांच्या अनुभवाला आधीच मिळायला हवं होतं, ते अंतर्गत राजकारणात चार वर्षं लांबलं. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत शिरून गृहिणींना अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्या शिकवत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

दिवा लावायला तेल लागतं

रामन यांच्यासारख्या अटी आज कुणी घालू शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम पाहिले तर काळ किती पुढं आला ते कळतं. पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. त्यात नाही जमलं तर पुन्हा नोंदणी करून आणखी दोन वर्षं. स्त्रियांना आणि अपंगांना त्यावर आणखी सवलत, बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. एका प्राध्यापकाकडे आठपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही जुनी सक्तीही काढून टाकली. ती सक्ती असताना पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक माजलं होतं, त्याला थोडा तरी आळा बसावा.

पैशाचं काय? राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळणारी कनिष्ठ शिष्यवृत्ती २०१४ मध्ये महिना २५,००० रुपये झाली, २०१९ मध्ये ३१,०००, आणि जानेवारी २०२३ पासून ३७,०००. वरिष्ठ शिष्यवृत्ती ४२,०००. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. आकडा वाईट दिसत नाही. पण ती वाढ दर वेळी आपोआप झाली असं नाही. २०१८-१९ मध्ये देशभरातले संशोधक विद्यार्थी त्यासाठी प्रयोगशाळा सोडून रस्त्यावर आले होते. शिवाय ही रक्कम दरमहा एक तारखेला हातात पडते असंही नाही. कित्येकदा चार-सहा महिने काहीच येत नाही आणि मग एकदम येतं. तोवर मेसवाल्याची उधारी, मित्राकडून उसनं, आणि तिशीला आलेला मुलगा वडिलांकडे पैसे मागायला लाजतो. ज्याला ही शिष्यवृत्ती नाही त्याचे हाल तर विचारूच नका.

महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या शिष्यवृत्त्यांवर संशोधन करणारी हजारो मुलं आहेत. त्यांतली बरीचशी खंडेरावसारखी, घरातली पहिलीच शिकलेली. या शिष्यवृत्त्यांसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर त्यांना आंदोलनं करावी लागली. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात तर एका ज्येष्ठ मंत्र्यांनी, ही मुलं पीएच.डी. करून काय दिवा लावणार, अशा अर्थाचा सवाल केला आणि राज्यभर संताप उसळला. सगळेच प्रबंध उत्तम असतात असं कुणी म्हणणार नाही. पगारवाढीसाठी केलेली, इकडून तिकडून उतरवलेली डॉक्टरेट सर्वांच्या ओळखीची आहे. पण जो खरोखर रात्री जागतो त्याला हा सवाल कुठं लागला असेल ते त्याच्या घरच्यांनाच माहीत.

‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकानं २०१९ मध्ये जगभरच्या सहा हजारांहून अधिक पीएच.डी. विद्यार्थ्यांची पाहणी केली. संशोधनामुळे आलेल्या चिंतेसाठी किंवा नैराश्यासाठी आपण मदत घेतली, असं त्यांतल्या ३६ टक्क्यांनी सांगितलं. आपल्याकडे अशा वेळी घरचे काय म्हणतात? ‘एवढा हुशार तू, तुला कसला ताण?’ हुशार मुलाला ताण येत नाही ही समजूत नेमकी हुशार मुलांच्याच घरात घट्ट असते. खरं तर अशा मुलाला सल्ला नको असतो. कधी संपणार, हा प्रश्न महिनाभर कुणी विचारला नाही तरी त्याला पुष्कळ होतं. आणि ज्याला मधेच सोडावंसं वाटतं त्याला सोडू द्यायलाही घरानं शिकायला हवं. ‘केमिस्ट्री’तल्या त्या मुलीला सर्वांत जास्त भीती नापास होण्याची नव्हती, घरी सांगण्याची होती.

प्रबंध पूर्ण झाला की आता तो ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात ठेवला जातो. देशभरच्या विद्यापीठांतले लाखो प्रबंध तिथं कुणालाही फुकट वाचता येतात. मुख्य मजकूर आपल्याला कळेलच असं नाही. पण सुरुवातीचं आभाराचं पान जरूर उघडावं. तिथं गाईडचे आभार ठरावीक शब्दांत असतात. त्याच्याखाली मेसच्या मावशी येतात, उसने पैसे देणारा मित्र येतो, नोकरी सांभाळून मुलाला वाढवणारी बायको येते, प्रबंध पुरा व्हायच्या आधीच गेलेले वडील येतात. सहा-सात वर्षांचा हिशेब त्या एका पानात बसवलेला असतो. मग पान उलटतं आणि पहिलं प्रकरण सुरू होतं.